देशोदेशीच्या चुली : एकट्यानं न होणारा गोड भात

बालमित्रांनो,

आज आधी एक कोडं.

शेतात उभा तेव्हा नाव एक,
गिरणीतून आला की नाव दुसरं,
चुलीवरून उतरला की नाव तिसरं!
ओळखा पाहू, मी कोण?

सुटलं ना? शेतातली साळ, गिरणीतून आलेला तांदूळ आणि ताटात वाढलेला भात! वस्तू एकच, पण आपण तिला तीन नावांनी हाक मारतो. (कोकणातली मुलं लगेच म्हणतील, "बाई, आमच्याकडे शेतातल्यालाही भातच म्हणतात!" बरोबर आहे तुमचं.) इंग्रजीत मात्र तांदूळही 'राइस' आणि भातही 'राइस'. "राइस आण" म्हटलं तर डबा आणायचा की पातेलं, हे ज्याचं त्यानं ओळखायचं!

आपल्यासारखीच तीन नावं ठेवणारा आणखी एक देश आहे. नकाशा काढा. भारताच्या पूर्वेला बोट सरकवत न्या. म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम ओलांडलं की समुद्र लागतो. त्या समुद्रापलीकडे सांडलेल्या चुरमुऱ्यांसारखी बेटं दिसतात. लहानमोठी मिळून साडेसात हजारांहून जास्त! हा फिलिपिन्स देश. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतात. म्हणजे तुम्ही सकाळी सात वाजता दप्तर भरत असता, तेव्हा तिथल्या मुलांचे साडेनऊ वाजलेले असतात.

तिथल्या तागालोग भाषेत साळीला म्हणतात 'पालाय', तांदळाला 'बिगास' आणि भाताला 'कानिन'. एवढ्यावर थांबत नाहीत बरं का! पातेल्याच्या तळाला लागलेल्या खरवडीला 'तुतोंग' आणि शिळ्या भाताला 'बाहाव'. 'काइन' म्हणजे खाणं, आणि 'कानिन' हा शब्द त्यातूनच आला. खायची वस्तू म्हणजेच भात! वाटेत कुणी भेटलं की तिथं विचारतात, "कुमाइन का ना बा?" याचा अर्थ "जेवलास का?" आपल्याकडे आजी विचारते ना, अगदी तस्संच.

आणि या 'कानिन'पासूनच आणखी एक गोड शब्द झाला आहे, 'काकानिन'. तांदळाचे सगळे गोड पदार्थ म्हणजे काकानिन. त्यांची नावंही मजेदार. पाण्यात उकळताना तळाशी गेलेला गोळा शिजला की वर येतो, म्हणून 'पालिताव', म्हणजे वर येणारा. रंगीत थरांवर थर असतात, म्हणून 'सापिन-सापिन'. बांबूच्या नळीत वाफवतात तो 'पुतो बुंबोंग'. बुंबोंग म्हणजे बांबूची नळी. पानात गुंडाळलेला तो 'सुमान'. खाली निखारे, वर निखारे आणि मध्ये भाजलेली 'बिबिंगका'. हे नाव ऐकून गोव्याकडची मुलं कान टवकारतील. गोव्यातली बेबिंका वेगळी, ती मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून एकेक थर भाजत करतात. पण तिलाही वरून आच लागतेच!

या सगळ्या मंडळींमधला घरोघरी होणारा, सोपा, पण एकट्याला न जमणारा पदार्थ म्हणजे 'बिको'. चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि उसाची तपकिरी साखर, एवढाच ऐवज. आज आपण बिको करायला जाणार आहोत.

हा तांदूळ चिकटतो का?

बिकोला कुठलाही तांदूळ चालत नाही. त्याला लागतो 'मालागकित'. 'लागकित' म्हणजे चिकटपणा, 'मालागकित' म्हणजे चिकट. कच्चा असताना हा दाणा दुधासारखा पांढराशुभ्र दिसतो. शिजला की काचेसारखा चमकतो आणि शेजारच्या दाण्याला असा बिलगतो, की सोडवता सोडवत नाही.

असं का होतं? तांदळात मुख्यतः पिठूळ पदार्थ असतो, त्याला स्टार्च म्हणतात. हा स्टार्च दोन प्रकारचा. एक सुतळीसारखा सरळ लांब, त्याचं नाव अमायलोज. दुसरा बोरीच्या काटकीसारखा फांद्याफांद्यांचा, त्याचं नाव अमायलोपेक्टिन. ज्या तांदळात सुतळ्या जास्त, त्याचा भात मोकळा, फडफडीत. ज्यात काटक्या जास्त, त्याचा भात चिकट. मालागकितमध्ये सुतळ्या जवळजवळ नसतातच! नुसत्या काटक्या. मग त्या एकमेकींत अडकणार नाहीत तर काय?

याचा एक छान प्रयोग आहे. औषधाच्या दुकानात टिंक्चर आयोडीन मिळतं. नेहमीच्या भाताच्या शितावर त्याचा एक थेंब टाका. शीत काळंनिळं होतं. चिकट तांदळाच्या शितावर टाकलात, तर ते तांबूस-तपकिरी होतं. सरळ सुतळी आयोडीनला गुंडाळून घेते, म्हणून निळा रंग येतो. सुतळीच नसेल, तर निळा रंग कुठून येणार? (प्रयोगाचं शीत तोंडात घालायचं नाही हं! ते केराच्या डब्यात.)

असा चिकट तांदूळ आपल्या देशातही पिकतो. आसामात त्याला 'बोरा' म्हणतात आणि बिहूच्या सणाला त्याचे पिठा करतात. मणिपूरमध्ये तर काळा चिकट तांदूळ आहे, 'चाक-हाओ'. त्याची खीर जांभळी होते.

"पण आमचा इंद्रायणीसुद्धा चिकट असतो!" मावळातली मुलं म्हणतील. खरंच असतो. मालागकितइतका नाही, पण गिचका, मऊ आणि सुवासिक. आता गंमत ऐका. इंद्रायणी तांदूळ मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचा एक पालक आपला आंबेमोहोर, म्हणून तो वास. आणि दुसरा? 'आयआर-८' नावाचा बुटका, भरघोस पिकणारा तांदूळ. हा आयआर-८ जन्मला फिलिपिन्समध्ये, लगुना नावाच्या प्रांतात! तिथल्या लोस बान्योस गावी १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे १९६६ साली हे वाण बाहेर आलं आणि आशियातल्या कितीतरी देशांत पिकलं. आज त्याच संस्थेत तांदळाच्या १ लाख ३० हजारांहून अधिक प्रकारांचं बी थंडगार खोल्यांत जपून ठेवलेलं आहे.

म्हणजे इंद्रायणीचं आजोळ लगुनात! मग आपणही बिको करायला लगुनातच जाऊ या. तिकीट लागणार नाही, डोळे मिटले की पोचलो.

तुम्ही शेंडेफळ आहात असं समजा

तारीख ३१ डिसेंबर. लगुनातलं एक घर. मागच्या दारी नारळ आणि केळी. या घरातलं सगळ्यांत धाकटं मूल म्हणजे तुम्ही. शेंडेफळाला तिथं म्हणतात 'बुन्सो'. आजी म्हणजे 'लोला', आजोबा 'लोलो', बाबा 'ताताय', आई 'नानाय'. मोठा भाऊ 'कूया'. मोठी बहीण 'आते'. नीट लक्षात ठेवा, आते म्हणजे आत्या नव्हे, ताई! आत्या, मावशी, काकू या सगळ्याजणी तिथं 'तीता'.

सकाळी उठल्या उठल्या तुम्ही लोलाचा हात हातात घेऊन तिच्या हाताची पाठ आपल्या कपाळाला टेकवता. तिथला नमस्कार असा. ती तुम्हाला आशीर्वाद देते आणि लगेच कामाला जुंपते.

तुमचं काम : रात्रभर भिजलेला मालागकित धुणं. पाणी ढवळायचं, दुधाळ झालं की ओतायचं, पुन्हा नवं घ्यायचं.

लोलोचं काम : केळीची पानं आणणं. पान ओल्या फडक्यानं पुसायचं आणि जाळावरून हलकेच फिरवायचं. पानाचा रंग गर्द होतो, ते मऊ पडतं आणि दुमडलं तरी फाटत नाही. आपल्याकडे पानगी करताना हेच करतात की!

ताताय नारळ फोडतो. इताक म्हणजे कोयता. त्याच्या उलट्या बाजूनं नारळाच्या मधोमध ठकठक करत गोल फिरवलं, की दोन वाट्या. खाली भांडं धरायचं काम कुणाचं? अर्थात बुन्सोचं! त्यातलं पाणी प्यायचा पहिला हक्कही त्याचाच.

कूया बसतो 'कुदकुरान'वर. हे एक बुटकं लाकडी बाक असतं. पुढे लोखंडाची दातेरी खवणी. घोड्यावर बसल्यासारखं दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं आणि वाटी खवणीवर फिरवायची. खाली ताटात पांढरा पाऊस! आपल्या विळीच्या खवणीची ही चुलत बहीणच म्हणा.

तीता तो चव पिळून दूध काढते. पहिल्या पिळ्याचं घट्ट साईसारखं दूध म्हणजे 'काकांग गाता'. मग कोमट पाणी घालून पुन्हा पिळायचं, ते पातळ दूध. सोलकढी करताना तुमची आई जाड आणि पातळ दूध वेगळं काढते, तसंच. उरलेला चोथा कोंबड्यांना. करवंटी चुलीत. आणि सोडण? ते अर्धं कापून, पायाखाली घेऊन, घसरत घसरत लाकडी जमीन घासायची. तिथल्या मुलांचा हा जुना खेळही आहे आणि कामही.

बघा, अजून चूल पेटलेली नाही, तोवर पाच माणसं कामाला लागली. नारळाचं असंच असतं. तो फोडणं, खवणं, पिळणं हे एका माणसानं करायचं म्हटलं, तर बिको खायला नवीन वर्षाची दुपार उजाडेल!

आणि नानाय? ती घरी नाही. ती दुबईला एका रुग्णालयात परिचारिका आहे. या वर्षी तिला सुट्टी मिळालेली नाही.

लातिक, म्हणजे नारळाची बेरी

दरवर्षी एक काम नानायचं असे, ते म्हणजे 'लातिक' करणं.

तुमच्या घरी लोणी कढवतात का? लोणी वितळतं, कडकडतं, वर तूप येतं आणि तळाशी खमंग बेरी उरते. साखर घालून ती बेरी खाण्यासाठी घरात भांडणं होतात. लातिक म्हणजे नारळाची बेरी. घट्ट दूध कढईत मंद आचेवर ठेवायचं आणि हलवत राहायचं. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात. त्यांना वेगवेगळं ठेवायचं काम त्यातली प्रथिनं करतात. आच लागली की पाणी उडून जातं, प्रथिनांच्या गाठी होतात आणि तेल सुटं होतं. त्या गाठी मग त्याच तेलात तळल्या जातात. पांढऱ्याच्या पिवळसर, पिवळ्याच्या सोनेरी, सोनेरीच्या बदामी.

आणि इथंच सगळी परीक्षा! बदामी झालं की त्या क्षणाला कढई उतरवायची. थोडं आधी उतरवलं तर लातिक मऊ, गिळगिळीत. थोडं उशिरा, तर काळं आणि कडू. हा क्षण घड्याळात सापडत नाही. नारळ किती जुना, दूध किती घट्ट, जाळ किती, त्यावर तो ठरतो. तिथल्या आज्यांचा एक शब्द आहे, 'तांतिया'. म्हणजे अंदाज. "किती वेळ ठेवायचं?" "तांतिया!" "साखर किती?" "तांतिया!" आपल्या आजीला विचारा, मोदकाच्या उकडीला पाणी किती? ती काय म्हणेल? "अगं, अंदाजानं!"

लोलाला अंदाज पक्का ठाऊक आहे. पण आता तिला बारीक दिसत नाही, आणि फार वेळ उभंही राहवत नाही. म्हणून यंदा ती स्टुलावर बसून आतेला म्हणते, "तू कर."

आते तेरा वर्षांची. तिनं आजवर लातिक खाल्लं आहे, केलेलं नाही. ती कढईत डोळे लावून उभी राहते. "लोला, आता उतरवू?" "नाही." "आता?" "आवाज ऐक. पाण्याचा आवाज बुडबुड असतो. तेलाचा चुरचुर." थोड्या वेळानं आवाज खरंच बदलतो. वास बदलतो. लोला काहीच बोलत नाही. तिनं तोंडानं सांगितलं असतं, तर आतेला फक्त आजच्यापुरतं कळलं असतं.

आते कढई उतरवते.

सगळे वाकून बघतात. बदामी! लोला एक कण उचलून जिभेवर ठेवते आणि म्हणते, "पुढचं आण." मुलांनो, आज्यांची शाबासकी अशीच असते.

ढवळा हो ढवळा!

मालागकित एका बाजूला शिजत असतो. कुणी त्यात केवड्याच्या कुळातलं पांदान नावाचं सुवासिक पान गाठ मारून घालतं, कुणी आल्याचा तुकडा. मोठ्या कढईत, म्हणजे 'कावा'त, पातळ दूध आणि तपकिरी साखर उकळते. चिमूटभर मीठ पडतं. पाक दाट झाला की शिजलेला भात त्यात सोडायचा आणि लाकडी उलथन्यानं ढवळायचं.

आता कळेल चिकटपणा म्हणजे काय! सुरुवातीला सोपं वाटतं. दहा मिनिटांत हात भरून येतात. भात उलथन्याला ओढतो, जणू म्हणतो, "जाऊ नकोस!" थांबायची तर सोय नाही, थांबलात की तळाला लागलंच. मग पाळ्या लागतात. कूयानंतर ताताय, तातायनंतर तीता, तीतानंतर लोलो. मध्येच बुन्सोला वाटतं, आपणही वीर आहोत. तो उलथनं धरतो आणि उलथनंच त्याला हलवतं! सगळे हसतात. ताताय मागून हात धरतो आणि दोघं मिळून दहा फेरे घालतात. ते दहा फेरे बुन्सो वर्षभर सगळ्यांना सांगणार.

भात कढईच्या कडा सोडून एक गोळा होऊ लागला, की बिको झाला.

तो ओततात 'बिलाओ'त. बिलाओ म्हणजे बांबूचं विणलेलं गोल पसरट सूप. एरवी त्यात तांदूळ पाखडतात, सणाला त्यात काकानिन मांडतात. आत केळीचं पान. पानाला लातिकमधून निघालेलं तेल. त्यावर बिको पसरून, थापून, वरून लातिक पेरायचं. तपकिरी भातावर बदामी दाणे! निवलं की चौकोनी वड्या.

पहिली वाटणी शेजाऱ्यांची. बुन्सो पानानं झाकलेल्या बशा घेऊन चार घरी पळतो.

चिकटच का करायचं?

फिलिपिन्समध्ये बिको वाढदिवसाला होतो, गावच्या जत्रेला होतो. १ नोव्हेंबरला लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या समाधीपाशी जमतात, मेणबत्त्या लावतात आणि तिथंच बसून एकत्र खातात. तेव्हाही बिको आणि सुमान असतो. आपल्या पितृपक्षासारखीच ही आठवण. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेच्या अंधारात चर्चमध्ये प्रार्थना होते आणि बाहेर पुतो बुंबोंग नि बिबिंगकाच्या गाड्या वाफाळत असतात.

पण ३१ डिसेंबरच्या रात्री चिकट भाताला खास मान. असं मानतात, की वर्ष बदलताना चिकट भात खाल्ला, तर चांगलं नशीब घराला चिकटून राहतं आणि घरातली माणसं एकमेकांना.

भात खाऊन नशीब चिकटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. तिथल्या लोलालाही माहीत असणार. मग ती इतका खटाटोप का करते?

त्या देशातली २० लाखांहून जास्त माणसं पोटासाठी परदेशी काम करतात. कुणी परिचारिका, कुणी जहाजावर खलाशी, कुणी दुसऱ्याच्या घरी मुलं सांभाळायला. आपल्या कोकणातले चाकरमानी गणपतीला गावी येतात, तशी ती नाताळला घरी यायला धडपडतात. सगळ्यांना जमत नाही. मग ती घरी मोठमोठी खोकी पाठवतात. साबण, चॉकलेटं, बूट, खेळणी, दुधाची भुकटी, काय वाट्टेल ते. या खोक्याला 'बालिकबायन' खोकं म्हणतात. 'बालिक' म्हणजे परतणं, 'बायन' म्हणजे आपला गाव, आपला देश.

दुबईहून सगळं खोक्यात घालता येतं. लगुनाहून बिको मात्र धाडता येत नाही. नारळाचा पदार्थ, दोन दिवसांत आंबतो.

रात्रीचे बारा वाजतात. बाहेर फटाके, भांड्यांचा ठणठणाट, मुलांच्या पिपाण्या. दुबईत तेव्हा रात्रीचे आठच वाजलेले असतात. फोनच्या पडद्यावर गणवेशातली नानाय दिसते. सगळे एकदम बोलतात, त्यामुळे तिला काहीच कळत नाही. मग ती विचारते, "लातिक कुणी केलं?"

"आतेनं!"

"दाखव."

बुन्सो बिलाओ उचलून फोनसमोर धरतो. नानाय वाकून बघते. रंग दिसतो, वास काही येत नाही.

"कडू नाही ना झालं?"

बुन्सो काय सांगणार? त्याचं तोंड बिकोनं चिकटलेलं! तो नुसती मान हलवतो. आणि नानाय हसता हसता डोळे पुसते. का, ते तुम्हाला सांगायला नको. तिच्याशिवाय बिको झाला म्हणून, आणि तिच्याशिवायसुद्धा तो तिच्यासारखाच झाला म्हणून.

लोलानं स्टुलावर बसून तोंड का मिटून घेतलं होतं, कळलं ना? आता शहरांत दुकानातून सजवलेला बिलाओ विकत आणता येतो. छान असतो तोही. पण विकतच्या बिलाओबरोबर तो चुरचुर आवाज येत नाही. तो एका कानातून दुसऱ्या कानात, एका हातातून दुसऱ्या हातातच जातो. आणि त्यासाठी कढईजवळ दोन माणसं लागतात, एक येणारं आणि एक शिकणारं.

करून पाहायचाय?

साहित्य : चिकट तांदूळ २ वाट्या (बोरा तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर इंद्रायणी घ्या, चिकटपणा थोडा कमी येईल), नारळ २, तपकिरी साखर किंवा चिरलेला गूळ दीड वाटी, मीठ अर्धा चमचा, केळीचं पान.

कृती :
१) बोरा तांदूळ धुऊन रात्रभर भिजवा, इंद्रायणी अर्धा तास पुरे.
२) नारळ खवून पहिलं घट्ट दूध १ वाटी काढून वेगळं ठेवा. मग कोमट पाणी घालून २ वाट्या पातळ दूध काढा.
३) घट्ट दूध मंद आचेवर हलवत राहा. गाठी बदामी झाल्या की लगेच उतरवून गाळा. लातिक एका वाटीत, तेल दुसऱ्या वाटीत.
४) तांदूळ निथळून, दीड वाटी पाण्यात मऊ पण अखंड शिजवा. इंद्रायणीला पाणी थोडं जास्त लागेल.
५) पातळ दूध, साखर, मीठ उकळून दाट करा. भात घालून मंद आचेवर ढवळत राहा. कडा सुटल्या की झाला.
६) ताटात केळीचं पान, पानाला तेल, त्यावर बिको थापा. वरून लातिक. निवल्यावर वड्या पाडा.

आणि हे ठळक अक्षरात वाचा : चूल, कढई, गरम पाक ही कामं मोठ्यांची. पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो. तुमचं काम धुण्याचं, पुसण्याचं, खवलेला नारळ पिळण्याचं. आणि दहा फेऱ्यांचं, कुणीतरी मागून हात धरून!

या आठवड्याचा गृहपाठ

वहीचं एक पान कोरं घ्या. तुमच्या घरी एकट्यानं होतच नाही असा पदार्थ कोणता? पापड? कुरडया? दिवाळीच्या चकल्या? सांडगे? त्यात कोणाचं काय काम असतं, ते लिहा. मग त्यातला सगळ्यांत अवघड क्षण कोणता, ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. कुरडईचा चीक शिजला, हे कशावरून कळतं? चकलीचं तेल तापलं, हे कसं ओळखायचं? उत्तर येईल, "अंदाजानं." तिथं थांबायचं नाही! "म्हणजे काय दिसतं? कसा आवाज येतो? कसा वास येतो?" असं विचारत राहा आणि लिहून काढा. लिहून झालं की पुढच्या वेळी तिथं शेजारी उभे राहा.

तुमचं पान मला पाठवायला विसरू नका. वाट पाहते आहे.

बरं, जाता जाता : "कुमाइन का ना बा?" उत्तर 'हो' असेल, तर म्हणायचं, "ओपो!" म्हणजे मोठ्या माणसाला मान देऊन म्हटलेलं "हो".

तुमची,
बाई